कुत्रं आणावं की मांजर?

गेल्या रविवारी सकाळी सकाळी भाच्याचा फोन. "आत्या, तूच सांग. कुत्र्याचं पिल्लू आणायचं का मांजराचं? घरात भांडणं लागलीत."

भांडण असं. वहिनीला मांजर हवंय, कारण कांद्याच्या चाळीपासून स्वयंपाकघरापर्यंत उंदरांनी उच्छाद मांडलाय. दादाला कुत्रा हवाय, कारण रात्रीची लाईट असली की त्याला पाणी भरायला रानात जावं लागतं आणि मागे वस्तीवर ही तिघंच असतात. भाच्याला दोन्ही हवंय. आईला काहीच नकोय, "मला आता कोणाचं करणं होत नाही" म्हणते. आणि मी पुण्यात फ्लॅटमध्ये एक मांजर पाळून आहे, म्हणून या विषयातली तज्ज्ञ मी! त्याला म्हटलं, फोनवर नको, नीट लिहून सांगते. तेच हे. दादा, तू वाचणारच आहेस, म्हणून आधीच सांगते, मध्येच सोडू नकोस.

आमची वस्ती अकोले तालुक्यात, प्रवरेपासून थोडी आत. (जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडात अजून 'नगर'च येतं.) लहानपणी आम्ही गावात राहायचो. मी पाचवीत असताना अण्णांनी रानात घर बांधलं आणि आम्ही वस्तीवर आलो. सामान ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. आमचा कुत्रा मोत्या ट्रॉलीमागे पळत पळत, धापा टाकत आला आणि नव्या घराच्या दारात असा बसला, जणू पायाभरणीपासून तोच तिथे होता. मनीला मात्र पोत्यात घालून आणावं लागलं. तिने एक रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी गायब! आठवड्याने अण्णा गावात गेले तर बाईसाहेब जुन्या घराच्या कौलांवर ऊन खात बसलेल्या. नव्या भाडेकरूंकडे दूध पिऊन.

कुत्रा माणसाचा, मांजर घराचं, असं म्हणतात ते काही खोटं नाही. पण पुढे लोक जो निकाल लावतात तो मला पटत नाही. कुत्रा इमानी, मांजर मतलबी. कुत्रा खाल्ल्या मिठाला जागतो, मांजर डोळे मिटून दूध पितं. मीही अनेक वर्षं हेच म्हणत आले. मांजर पाळल्यावर थोडं वाचलं, थोडं पाहिलं, आणि मत बदललं.

मुळात दोघं आपल्याकडे आली तीच वेगवेगळ्या रस्त्याने. कुत्रा लांडग्याच्या कुळातला. कळपात राहायचं, मिळून शिकार करायची, मोठ्याचं ऐकायचं, हे त्याच्या रक्तातच. माणसं शेती करायला लागली त्याच्या कितीतरी आधी तो माणसाबरोबर होता. मांजराचे पूर्वज एकेकटे शिकार करणारे. माणसाने धान्य साठवलं, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे मांजर आलं. त्याला आपण बोलावलं नव्हतं आणि त्यानेही आपली परवानगी मागितली नव्हती. वहिनीच्या कांद्याच्या चाळीत आज जे चाललंय, तीच ही जुनी गोष्ट.

एक गंमत सांगते. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी लांडग्याच्या आणि कुत्र्याच्या जनुकांची तुलना केली. कुत्र्यात पिष्टमय अन्न पचवण्याची ताकद लांडग्यापेक्षा खूप जास्त निघाली. म्हणजे आपली भाकरी खाता खाता या प्राण्याचं पोटच बदललं! मांजराचं तसं नाही. त्याला मांसाहार लागतोच, आणि गोड चव तर त्याला कळतच नाही (हे २००५ साली सिद्ध झालं). मोत्या पुरणपोळीसाठी चुलीपाशी जीव टाकायचा आणि मनी त्याच पोळीवरून पाय देऊन निघून जायची. आई म्हणायची, "माजलीय." बिचारीच्या जिभेलाच ते ठाऊक नव्हतं.

त्याच २०१३ सालचा एक जपानी अभ्यास तर माझ्या घरी रोज खरा ठरतो. मांजरांना मालकाचा आवाज ओळखता येतो, हाक ऐकली की ती कान हलवतात, मान वळवतात, पण उठून काही येत नाहीत. माझी ठमी अगदी अशीच. "ठमेऽऽ" म्हटलं की एक कान माझ्याकडे फिरतो. बस्स. तेवढी पोच दिली की काम झालं. :) पण ऑफिसातून दमून आल्यावर मी गप्प बसून राहिले की ती न बोलावता येऊन मांडीवर बसते. तिला हवं म्हणून येते, आणि म्हणूनच ते मला खरं वाटतं.

तर मांजर आपल्याशी करार करत नाही. ते आपल्या शेजारी राहतं. त्याने तुम्हाला काही वचन दिलेलं नसतं, तेव्हा मोडायचा प्रश्नच नाही. कुत्रा मात्र अख्खा जन्म आपल्या स्वाधीन करतो. आणि माझ्या मते खरी अडचण इथेच सुरू होते.

आता वाघ्याबद्दल लिहायला हवं. दादा, राग मानू नकोस.

मोत्यानंतर दोन कुत्री झाली, तिसरा वाघ्या. तांबूस रंगाचा, एक कान पडलेला. अण्णा गेले त्या वर्षी आणलेला. आईच्या मागे मागे असायचा. ती संडासला निघाली तरी हा पुढे, जाऊन वास घेऊन यायचा, मग तिला जाऊ द्यायचा. रात्री त्याला गोठ्याबाहेरच्या लिंबाला साखळीने बांधायचे, राखणीला. तीन वर्षांपूर्वी, थंडीत, शेजारची ऊसतोड सुरू झाली होती. ऊस हलला की बिबट्या हलतो, हे आमच्याकडे पोरंटोरंही जाणतात. त्या रात्री वाघ्या खूप भुंकला. मग एकदम थांबला. सकाळी लिंबाखाली साखळी होती आणि तुटलेला पट्टा होता. आई बिबट्याला कधी बिबट्या म्हणत नाही, वाघच म्हणते. फोनवर म्हणाली, "वाघ्याला वाघानं नेलं गं." आणि पुढे काही बोललीच नाही.

दादाने फोन घेतला. म्हणाला, "नशीब, शेळ्या जाळीत होत्या." आणि मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, "बरं झालं बाई, शेळ्या तरी वाचल्या."

हे वाक्य मला अजून टोचतं. शेळ्या वाचल्या याचा आनंद चुकीचा नव्हता. पण शेळ्यांना जाळी होती, कडी होती, वर पत्रा होता. शेळी गेली असती तर वनखात्याकडे अर्ज झाला असता, पंचनामा झाला असता, भरपाई मागता आली असती. वाघ्याचा पंचनामा कोणी केला? पाच-सहा दिवसांनी दादाने साखळी उचलून खुंटीला टांगली. तेवढंच.

नंतर कळलं की आमच्याच तालुक्यावर याचा अभ्यास झालेला आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या परिसरातल्या बिबट्यांची विष्ठा तपासून ते काय खातात हे पाहिलं. निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. बिबट्याच्या खाण्यात, वजनाच्या हिशेबाने, ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा. त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के. त्याखालोखाल मांजरं, १५ टक्के. आणि शेळ्या? ११ टक्के. वास्तविक त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट! कारण साधं आहे. शेळ्या रात्री आत असतात, कुत्री बाहेर असतात. यात मोकाट कुत्रीही आली, हे खरं. पण बांधलेल्या कुत्र्याला तर पळताही येत नाही.

मांजराचे १५ टक्केही विसरून चालणार नाही. मांजर पाळलं की जीव सुरक्षित, असं मुळीच नाही. फरक एवढाच की मांजर रात्री स्वतःच्या मर्जीने बाहेर जातं. ते बाहेर कुठे फिरतं, किती फिरतं, ते त्याचं त्याला माहीत. कुत्रा बाहेर असतो कारण आपण त्याला तिथे ठेवतो.

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर स्वर्गाच्या दारी पोचतो, तेव्हा इंद्र त्याला सांगतो की कुत्र्याला आत प्रवेश नाही. युधिष्ठिर म्हणतो, मग मलाही नको. भाऊ गेले, द्रौपदी गेली, शेवटपर्यंत बरोबर आलेल्या मुक्या जीवाला तो सोडायला तयार होत नाही. ही गोष्ट आई आम्हाला चुलीपाशी बसून सांगायची, आणि त्याच वेळी मोत्या बाहेर थंडीत कुडकुडत बसलेला असायचा! आपल्याकडे वाईट मरणाला कुत्र्याची मौत म्हणतात. ही म्हण कुत्र्यांनी पाडलेली नाही.

म्हणून माझं मत असं झालंय. कुत्रं चांगलं की मांजर चांगलं, हा प्रश्नच फिजूल आहे. आपल्याला किती झेपतं, हा प्रश्न आहे. मांजर पाळायला थोडं दूध-मासळी, थोडी जागा, लसी आणि थोडा मोठेपणा लागतो. हाक मारल्यावर कोणी आलं नाही तरी रागवायचं नाही, एवढा मोठेपणा. कुत्रा पाळायला मात्र त्याच्याइतकंच इमान लागतं, आणि ते आपल्यात कमी पडतं. जमणार नसेल तर मांजर आणावं. त्यात कमीपणा नाही.

दादाचं म्हणणं मला ऐकू येतंय. "कुत्रा कोंडून ठेवला तर राखण कोण करणार?" अरे, कुत्र्याचं काम बिबट्याशी कुस्ती खेळायचं नाहीच. त्याचं काम ऐकायचं, वास घ्यायचा आणि आपल्याला उठवायचं. ते जाळीच्या आतूनही होतं. वाघ्याने त्या रात्री त्याचं काम केलं होतं, दादा. तो भुंकला होता. उठलो नाही ते आपण. (आपण म्हणते, कारण मी तिथे असते तर मीही गोधडी डोक्यावर ओढून झोपलेच असते.) मेंढ्या घेऊन फिरणारा धनगरसुद्धा आपल्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतो. त्याला घर नाही, तरी एवढं सुचतं. आपल्याला तर भिंती आहेत.

असो. एवढं सगळं लिहायच्या आधी थोडक्यात सांगून टाकावं म्हणून काल रात्री भाच्याला फोन केला. म्हटलं, वहिनीचं मांजर बिनधास्त आण, फक्त अंधार पडला की आत घ्यायची सवय लाव. आणि पिल्लू आणायचं असेल तर आधी त्याची जाळी, मग पिल्लू. वर पत्रा, दाराला कडी. साखळी खुंटीवरच राहू दे.

तो म्हणाला, "चार बाय सहा पुरेल का गं?"

मी काही बोलायच्या आत मागून दादाचा आवाज आला, "तिला म्हणावं, शेळ्यांच्या जाळीला लागूनच करतो. एक भिंत वाचेल."