इचलकरंजीतील पाणीपट्टी व पाणीपुरवठ्याचा वाद

इचलकरंजीतील पाणीपट्टी व पाणीपुरवठ्याचा वाद हा कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी शहरात दीर्घकाळ चालत आलेला नागरी प्रश्न आहे. यंत्रमाग उद्योगासाठी प्रसिद्ध असलेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २ लाख ८७ हजार होती. शहरालगत पंचगंगा वाहते, तरीही नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते. पट्टी मात्र पूर्ण वर्षाची भरावी लागते. नागरिकांच्या नाराजीचे मूळ दरापेक्षाही या विसंगतीत अधिक आहे.

आकारणीची पद्धत

महाराष्ट्रातील अनेक शहरांत मीटर नसलेल्या घरगुती जोडणीवर नळाच्या व्यासानुसार वार्षिक ठोक पट्टी आकारली जाते. महानगरपालिका अधिनियमात मोजणीनुसार आकारणीची तरतूद आहे. परंतु अनियमित पुरवठ्यात मीटर कितपत उपयोगी पडतो, हा प्रश्नच आहे. ठोक पद्धतीत जलवाहिनीच्या तोंडाशी असलेले घर आणि शेवटच्या टोकाचे घर सारखीच रक्कम भरतात. शिवाय पाणी न आलेल्या दिवसांची गरज टँकर किंवा जार विकत घेऊन भागवावी लागते, म्हणजे त्याच पाण्यासाठी दोनदा खर्च होतो.

दुसरी बाजूही दुर्लक्षिता येत नाही. नदीतून उचललेल्या पाण्यासाठी पालिकेला जलसंपदा विभागाकडे पाणीपट्टी भरावी लागते. तिचे ठोक दर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवते. उपसा पंपांची वीज, तुरटी, क्लोरीन, वेतन व जलवाहिन्यांची दुरुस्ती यांचा बराचसा खर्च पुरवठ्याचे दिवस घटले म्हणून त्या प्रमाणात घटत नाही.

औरंगाबादचे उदाहरण

हाच पेच औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे अधिक तीव्र झाला. तेथे अर्ध्या इंचाच्या घरगुती जोडणीची वार्षिक पट्टी ४,०५० रुपयांवर गेली होती आणि पाणी आठवड्यातून जेमतेम एकदा मिळे. मे २०२२ मध्ये ती २,०२५ रुपये करण्यात आली. त्याच महिन्यात भारतीय जनता पक्षाने पाण्यासाठी जलआक्रोश मोर्चा काढला. दर निम्मा झाला, तरी पुरवठ्याचे अंतर त्यामुळे कमी होणार नव्हते.

स्रोतांचा शोध

इचलकरंजीत वादाचा रोख दरावरून स्रोताकडे वळला आहे. सांडपाण्यामुळे पंचगंगा दूषित झाली. २०१२ च्या उन्हाळ्यात शहरात काविळीची मोठी साथ येऊन अनेकांचा मृत्यू झाला. मजरेवाडी येथून कृष्णेचे पाणी आणणारी योजना जलवाहिनीच्या गळतीमुळे वारंवार विस्कळीत होते. वारणा नदीवरील दानोळी येथून पाणी आणण्याची अमृत योजना नदीकाठच्या गावांच्या विरोधामुळे मागे पडली. त्यानंतर कागल तालुक्यातील सुळकूड येथून दूधगंगेचे पाणी आणण्याची सुमारे १६० कोटी रुपयांची योजना मंजूर झाली.

तिलाही कागल, शिरोळ व सीमेपलीकडील गावांनी विरोध केला. दूधगंगा प्रकल्पात कर्नाटकाचाही वाटा आहे, आणि उन्हाळ्यात ऊसशेतीचे पंप बंद पडतील अशी शेतकऱ्यांना भीती आहे. आधी पंचगंगा स्वच्छ करा, हे त्यांचे म्हणणे टाळण्यासारखे नाही; पण नदी शुद्ध होईपर्यंत शहराने काय प्यावे, याचे उत्तर त्यात मिळत नाही. शहरातही योजनेसाठी कृती समिती, उपोषणे व बंद झाले. २०२४ मध्ये शासनाने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

प्रशासकीय राजवट

नगरपरिषदेची मुदत डिसेंबर २०२१ मध्ये संपली व २०२२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. महानगरपालिकेची पहिली निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या चार वर्षांत सर्वसाधारण सभेचे अधिकार प्रशासकाकडे होते. कर व पट्टीचे दर ज्या सभागृहात नगरसेवकांनी मांडायचे, वादायचे आणि मतास टाकायचे, ते सभागृहच या काळात अस्तित्वात नव्हते. त्यामुळे नागरिकांना हरकती मांडण्यासाठी निवेदने, मोर्चे आणि न्यायालय हेच मार्ग उरले.