यदृच्छेनें नेमलेलें स्थळ

आमच्या घरीं दर रविवारीं सकाळीं पुतण्याशीं बोलण्याचा नेम आहे. तो फिनलंड देशांत टांपेरे नगरीं नोकरीनिमित्त राहतो. गेल्या माघांतील एका रविवारीं त्यानें सांगितलें कीं, आदल्या दिवशीं तो व त्याचे दोन सहकारी एका गोठलेल्या सरोवरावर स्की पायांस बांधून दिवसभर हिंडून आले.

"काय पाहावयास गेला होतास?" थोरल्या वहिनींनीं, म्हणजे त्याच्या मातोश्रींनीं, विचारलें.

"कांहीं नाहीं, आई. तेथें कांहींच नव्हतें," तो हंसून म्हणाला, "आणि शेवटीं तेथवर पोहोंचलोंही नाहीं!"

या उत्तरानें वहिनींचें समाधान झालें नाहीं, हें सांगावयास नकोच. आमच्या घरांत दोन दिवस या गोष्टीची चर्चा चालली होती. तिचें सार वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम तो खेळ काय आहे तें पाहूं. अमेरिकेंतील व्यंगचित्रकार रँडल मन्रो यानें २००८ च्या मे महिन्यांत आपल्या एका चित्रांत ही युक्ति मांडली. तिला 'जिओहॅशिंग' असें म्हणतात. अक्षांश-रेखांशांच्या रेघांनीं पृथ्वीचे एकेक अंशाचे चौकोन पडतात, हें आपण शाळेंत शिकलोंच आहों. त्या दिवसाची तारीख लिहावी, तिच्यापुढें न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांतील डाऊ जोन्स निर्देशांकाचा उघडतांनाचा आंकडा लिहावा, आणि त्या ओळीवर एमडी-५ नांवाची गणिती कृति करावी. ही कृति ओळीचें असें मंथन करिते कीं, एक अंक बदलला तरी उत्तर सर्वस्वी निराळें येतें. उत्तराच्या पूर्वार्धांतून अक्षांशाचा व उत्तरार्धांतून रेखांशाचा अपूर्णांक निघतो. पूर्णांक आपल्या चौकोनाचा, अपूर्णांक यदृच्छेचा! बाजार कितीवर उघडेल हें आधीं कोणासच ठाऊक नसतें; त्यामुळें आपल्या सोयीचें स्थळ कोणास नेमून घेतां येत नाहीं. पूर्वेकडील देशांत मात्र बाजार उघडेपर्यंत दिवस कलूं लागतो, म्हणून तेथें आदल्या दिवशींचा आंकडा धरितात.

त्या शनिवारीं टांपेरेच्या चौकोनांत ६१ अंश ३७ कला उत्तर व २३ अंश ४२ कला पूर्व, असें स्थळ निघालें. तोच अपूर्णांक आमच्या पुण्याच्या चौकोनांत मांडला तर हिंजवडीच्या उत्तरेकडील शिवार येतें. तिकडे मात्र तें नॅसियार्वी नांवाच्या, सुमारें २५६ चौरस किलोमीटर विस्ताराच्या सरोवरांत पडलें. फिनलंडांत लहानमोठीं मिळून सुमारें १,८८,००० सरोवरें आहेत. म्हणून असें स्थळ पाण्यांत पडणें तेथें नवलाचें नाहीं. उन्हाळ्यांत तेथें जावयास नाव लागते. हिवाळ्यांत पाणीच वाट होतें. पाणी चार अंश उष्णमानावर सर्वांत जड असतें, त्याहून थंड झालेलें हलकें होऊन वर राहतें, आणि म्हणून सरोवर वरून गोठत जातें व तळाशीं मासे सुखरूप राहतात. शिवाय त्या देशीं परक्याच्या रानांतून पायीं वा स्कीवर जाण्याचा हक्क सर्वांस आहे. घराचें अंगण टाळावें आणि कोणाचें नुकसान करूं नये, म्हणजे झालें.

स्की म्हणजे पायांखालीं बांधावयाच्या लांब, अरुंद, टोंकाशीं वर वळलेल्या पट्ट्या. त्यांच्यामुळें अंगाचा भार पसरतो व मनुष्य भुसभुशीत बर्फांत रुतत नाहीं. तिघांजवळ बर्फाला भोंक पाडण्याचा गिरमिट होता, आणि प्रत्येकाच्या गळ्यांत मुठीच्या दोन टोंकदार आऱ्या होत्या. बर्फ फुटून पाण्यांत पडल्यास त्या कडेला रोंवून स्वतःस वर ओढावयाचें. एका माणसाला पांच सेंटिमीटर जाडीचें घट्ट बर्फ पेलतें असें तिकडे मानितात. तीराजवळ तें तीस सेंटिमीटरांहून अधिक भरलें. वर ऊन पडलेलें, चहूंकडे पांढरें मौन, आणि हवा शून्याखालीं बारा अंश.

स्थळ दोन लहान बेटांमधील खिंडीजवळ निघालें. यंत्र १८० मीटर अंतर दाखवीत असतां त्यांतील वडील सोबती थांबला. अरुंद जागीं पाण्याला ओढ असते व बर्फ पातळ राहतें. शिवाय वरचें भुसभुशीत हिम गोधडीप्रमाणें ऊब धरून खालील बर्फ जाड होऊं देत नाहीं. गिरमिट फिरवितांच काळसर पाणी वर आलें. जाडी चार सेंटिमीटरही नव्हती. "काका, मी म्हणालों कीं कडेकडेनें जाऊन पाहूं. तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें नुसती स्की वळविली," पुतण्या सांगत होता.

"भावोजी, जेथें कांहीं नाहीं तेथें जीव घालावयाचा, याला शहाणपण म्हणावें काय?" वहिनींनीं मला विचारलें.

मी पुष्कळ विचार केला. श्वेताश्वतरोपनिषदांत जगाच्या कारणांचा विचार करतांना काल, स्वभाव, नियति यांच्याबरोबर यदृच्छेचाही उल्लेख आहे. यदृच्छेनें नेमलेल्या स्थळीं ना देव, ना देखावा, ना लाभ. आपण म्हणतों कीं मनुष्यास फळाचा लोभ असतो. मग जेथें फळच नाहीं तेथें शेवटच्या १८० मीटरांनीं पुतण्याला एवढें कां ओढावें? मला वाटतें, ओढ स्थळाची नसतेच. चाललेल्या वाटेची असते. "इतकें आलों, आतां काय उरलें?" हें वाक्य स्थळ बोलत नाहीं, आपले पाय बोलतात.

हें मीं वहिनींस सांगितलें, आणि त्याबरोबर चाळीस वर्षें मनांत ठेवलेली एक गोष्टही सांगितली. मी तरुण शिक्षक असतांना श्रावणांत मुलांना घेऊन कळसूबाईवर निघालों होतों. वाटेंत ओढा चढलेला. शिखर समोर दिसत होतें, म्हणून मीं "चला" म्हटलें. एक मुलगा पाय घसरून वाहूं लागला. पुढें खडकाला अडकला म्हणून हातीं आला. शिखर आम्हीं गांठलें. घरीं परततांना मीं मुलांस कांहीं न बोलण्याविषयीं बजावलें. त्याच्या आईला मीं आजवर तें सांगितलेलें नाहीं. त्या दिवशीं स्की वळविणारा कोणी माझ्याबरोबर नव्हता, आणि तो मीच व्हावयास हवा होतों.

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. पुढल्या रविवारीं त्यांनीं मुलास विचारलें, "पुन्हां जाणार आहेस का रे?"

"जाईन म्हणतों, आई."

"जा. पण तो थांबणारा गृहस्थ बरोबर असेल तरच जा."