मंच कुणाचा, संध्याकाळ कुणाची? चेन्नईचा मार्गळी महोत्सव आणि आपली जयंती

“गाण्यात दम असेल तर ते आपोआप वर येते. कलेला जात नसते.” हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकले आहे. आरक्षणाच्या वादात ‘मेरिट’ हा शब्द जे काम करतो, तेच काम संगीताच्या जगात ‘टॅलेंट’ हा शब्द करतो. ज्यांना संधी मिळाली त्यांची संधी तो झाकतो आणि ज्यांना ती मिळाली नाही त्यांच्यावरच दोष ढकलतो.

या दाव्याची तपासणी करायची असेल तर एक शहर डोळ्यांसमोर घ्या. चेन्नई. तिथे दरवर्षी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत, तमिळ पंचांगातल्या मार्गळी महिन्यात, शहरभर शास्त्रीय संगीताचा महोत्सव चालतो. त्याचा एकच मांडव नसतो. मैलापूर, टी. नगर आणि आसपासच्या भागांतल्या अनेक ‘सभा’, म्हणजे संगीत संस्था, आपापल्या सभागृहात सकाळपासून रात्रीपर्यंत मैफली भरवतात. रसिक हातात वेळापत्रक घेऊन या सभेतून त्या सभेत फिरतात. सभांच्या कॅन्टीनमधला डोसा आणि कॉफीसुद्धा या महिन्याच्या चर्चेचा विषय असतो. या सगळ्याच्या केंद्रस्थानी असलेली मद्रास म्युझिक अकादमी १९२८ मध्ये स्थापन झाली. आदल्या वर्षी मद्रासमध्ये भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाबरोबर जी संगीत परिषद झाली, तिच्यातून ती उभी राहिली.

नवा कलाकार शोधण्याची पद्धतही इथे ठरलेली आहे. दुपारच्या वेळा नवोदितांच्या आणि बहुधा विनातिकीट. त्यानंतर मधल्या फळीतले कलाकार. संध्याकाळची तिकिटाची मुख्य वेळ नामवंतांची. दुपारी गाणारा मुलगा हळूहळू संध्याकाळपर्यंत पोहोचतो. वरवर पाहता ही शिडी किती न्याय्य वाटते! पण समाजशास्त्राचा विद्यार्थी आधी एक प्रश्न विचारतो: या शिडीच्या पहिल्या पायरीपर्यंत कोण येऊ शकतो? लहानपणापासून गुरूच्या घरी शिकण्याची सोय कुणाला? कुणाच्या घरात कर्नाटक संगीत रोज कानावर पडते? सभेच्या चिटणीसाला कोण ओळखतो? पिअर बोर्द्यू याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो. आपल्या भाषेत सांगायचे तर ही वारशाने मिळालेली जमीनच आहे, फक्त तिचा सातबारा दिसत नाही.

ही जमीन रिकामी पडलेली होती असेही नाही. देवदासी घराण्यांतल्या स्त्रिया आणि इसै वेळाळर समाजातले वादक ही कला पिढ्यानपिढ्या जगवत होते. विसाव्या शतकात तिला ‘शुद्ध’ आणि ‘प्रतिष्ठित’ करण्याच्या प्रक्रियेत मंच हळूहळू ब्राह्मणांच्या हाती गेला. मृदंगाचेच बघा. गाय, म्हैस आणि शेळी यांच्या कातड्यांवाचून तो बोलत नाही. ते कातडे कमावून, कापून, ताणून मृदंग घडवणारे कारागीर प्रामुख्याने दलित ख्रिस्ती. वाजवणाऱ्याचे नाव फलकावर लागते, घडवणाऱ्याचे कुणाला माहीतही नसते. गायक टी. एम. कृष्णा यांनी या कारागिरांवर ‘सेबास्टियन अँड सन्स’ हे पुस्तक लिहिले. २०२० मध्ये त्याच्या प्रकाशनासाठी कलाक्षेत्र या संस्थेने आधी सभागृह दिले आणि मग परवानगी मागे घेतली. कातड्याचा आवाज चालतो, कातड्याचा इतिहास चालत नाही.

कृष्णा स्वतः ब्राह्मण, या महोत्सवाचे लाडके गायक. २०१५ मध्ये त्यांनी डिसेंबरच्या मोसमात गाणार नाही असे जाहीर केले. त्याच वर्षी बेझंट नगरजवळच्या ऊरूर-ओल्कॉट कुप्पम या कोळीवाड्यात एक वेगळा कला महोत्सव सुरू झाला, त्यातही ते होते. २०२४ मध्ये अकादमीने त्यांना ‘संगीत कलानिधी’ जाहीर केला तेव्हा काही कलाकारांनी अकादमीच्या महोत्सवावर बहिष्कार घातला. आतल्या माणसाने प्रश्न विचारला तर इतका संताप! मग बाहेरच्याने काय करायचे?

बाहेरच्यांनी काय केले, ते आपल्या कामाचे आहे.

६ जानेवारी २०१८, चेन्नईचे कीळपाक्कम. दिग्दर्शक पा. रंजित यांचे नीलम कल्चरल सेंटर आणि संगीतकार तेन्मा यांच्या पुढाकाराने एक नवा बँड पहिल्यांदा मंचावर आला, ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’. १९ कलाकार. त्यात बहुतेक उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतून आलेले गाणा गायक आणि वादक. गाणा म्हणजे तिथल्या कष्टकरी, मुख्यतः दलित वस्त्यांचे गाणे, मयताच्या रात्री जागरणाला गायले जाणारे. सभ्य शहराने त्याला कायम टपोरी ठरवले. या बँडने त्या गाण्याला रॅप आणि रॉकची जोड दिली आणि आरक्षण, गोमांस, जातीय अत्याचार हे विषय थेट मंचावर आणले.

बँडचे नाव कुठून आले? पंडित अयोथीदास यांच्याकडून. १८४५ ते १९१४ हा त्यांचा काळ. अस्पृश्य ठरवलेल्या तमिळांची नोंद जातिविरहित अशी व्हावी, असा आग्रह त्यांनी जनगणनेच्या संदर्भात धरला होता. १८९८ मध्ये त्यांनी शाक्य बौद्ध संघ उभा केला. म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या अठ्ठावन्न वर्षे आधी तमिळ भूमीत एक माणूस आपल्या लोकांना बुद्धाकडे नेत होता. आज त्याचा शब्द बँडच्या नावात गातो आहे. आपल्या कार्यकर्त्यांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

दुसरे पाऊल डिसेंबर २०२० चे. नीलमने ‘मार्गळियिल मक्कळिसै’, म्हणजे ‘मार्गळीत लोकांचे संगीत’, हा महोत्सव सुरू केला. पुढच्या वर्षी तो मदुराई, कोइम्बतूर आणि चेन्नई असा फिरला. परै वादक, गाणा गायक, ओप्पारी म्हणजे मृत्यूचा विलाप गाणारे, आदिवासी कलाकार, रॅपर, सगळे तिथे आले. वर्षातला कोणताही महिना घेता आला असता, त्यांनी मार्गळीच निवडला. ‘तुमचा महिना तुम्हाला, आम्ही आमचे कोपऱ्यात करू’ असे ते म्हणाले नाहीत. तळे सार्वजनिक असेल तर त्याच तळ्यावर जायचे, ही महाडची शिकवण आहे.

आता यावर आपल्याच बाजूने येणारे दोन आक्षेप बघू.

पहिला आक्षेप परैचा. परै या वाद्यावरूनच परैयर या जातीचे नाव पडले असे सांगितले जाते. मयताला परै वाजवणे ही त्या जातीवर लादलेली वेठ होती. तमिळनाडूतल्या अनेक दलितांनी परै वाजवायला नकार दिला आणि तो नकार स्वाभिमानाचा होता. आपण महाराष्ट्रात मेलेली ढोरे ओढणे सोडले, गावकीची कामे सोडली, तोच तो नकार. मग ते वाद्य पुन्हा गळ्यात का घालायचे? या आक्षेपात तथ्य आहे. माझे उत्तर असे: वाद्य तेच असले तरी ते कुणाच्या हुकमाने वाजते यावर सगळे ठरते. पाटलाच्या निरोपावरून मयताला जाऊन वाजवणे ही वेठ. स्वतःच्या मंचावर, स्वतःच्या वेळी, मानधन घेऊन, स्वतःचे गाणे वाजवणे हा हक्क. मात्र ज्याला ते वाद्य हातात घ्यायचेच नाही, त्याचा नकारही तितकाच मानला पाहिजे. ‘आपली संस्कृती’ म्हणून कुणावर ते पुन्हा लादले तर ती नव्या नावाने जुनीच वेठ होईल.

दुसरा आक्षेप: या मंचांमधून शेवटी एखादा स्टार होतो आणि बाजार त्याला गिळतो. हेही खरे आहे. कास्टलेस कलेक्टिव्हमधला कवी-रॅपर अरिवू. २०२१ मध्ये आलेले ‘एंजॉय एंजामी’ हे गाणे त्याने लिहिले आणि धी या गायिकेबरोबर गायले. भूमिहीन मळेकामगार असलेल्या त्याच्या आजीची, वळ्ळिअम्माळची, कहाणी त्यात आहे. गाणे जगभर गाजले. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रोलिंग स्टोन इंडियाच्या मुखपृष्ठावर धी होती, आणखी एक गायक होता, अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी जाहीर प्रश्न विचारला, टीकेचा भडिमार झाला, तेव्हा कुठे दुरुस्तीची भाषा सुरू झाली. २०२२ च्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनात तेच गाणे सादर झाले, तेव्हाही अरिवू मंचावर नव्हता. गाणे हवे, गाणे लिहिणारा नको. मृदंग हवा, मृदंग घडवणारा नको. धागा एकच आहे. पण यातून निष्कर्ष काय निघतो? मंच सोडा, असा निघत नाही. मंचाबरोबर श्रेय, हक्क आणि लेखी करारही ताब्यात घ्या, असा निघतो. रंजित प्रश्न विचारू शकले, कारण अरिवूच्या मागे उभी राहणारी आपली संस्था अस्तित्वात होती.

याच बँडमधली इसैवाणी बघा. गाणा हे पुरुषांचे क्षेत्र मानले जाई, ती मंचावर उभी राहिली आणि २०२० मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत आली. ती गात होतीच, तिला वेळ आणि माईक मिळायचा बाकी होता.

आता चेन्नईकडून घरी येऊ. कारण प्रश्न तिथल्या ब्राह्मणांना विचारून आपली सुटका होणार नाही.

आपल्याकडे अनेक मंचांवर भरणारा, शहरभर पसरलेला, तिकीट नसलेला संगीत महोत्सव नाही का? आहे! तो १४ एप्रिलला भरतो. मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, नाशिक, वस्तीवस्तीत मंच, विहारासमोर मांडव, घरोघरची वर्गणी. इतका मोठा महोत्सव भरवण्याची ताकद आणखी कुणाकडे आहे? आणि आपण त्या मंचाचे काय केले? अर्धी वर्गणी डीजेच्या भिंतीला. उरलेली एका नामवंत गायकाला, तोही चार ठिकाणच्या सुपाऱ्या घेऊन रात्री उशिरा पोहोचणार. वस्तीतली मुलगी स्वतः लिहिलेले गाणे घेऊन येते, तेव्हा तिला सांगितले जाते, “पाहुणे येईपर्यंत पाच मिनिटे म्हण.” पाहुणे आले की माईक काढून घेतला जातो. सभांची दुपारची फुकट वेळ आणि आपली ‘पाहुणे येईपर्यंतची पाच मिनिटे’ यांत फरक काय?

आपला वारसा असा नव्हता. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांचे आंबेडकरी जलसे वस्तीवस्तीत जात आणि वाटेत नवे गाणारे तयार करत. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक गावोगाव फिरले आणि त्यांच्यामागून गाणाऱ्यांच्या पिढ्या उभ्या राहिल्या. त्या काळी जलसा हीच आपली अकादमी होती. आज एकतारीवर गाणाऱ्या कडुबाई खरात घरोघर पोहोचल्या त्या मोबाईलवरच्या व्हिडिओंतून. जयंती समित्यांनी त्यांना शोधले नाही, त्या गाजल्यावर समित्या तारखा मागायला गेल्या. शोधण्याचे काम आपण कंपनीच्या अल्गोरिदमवर सोपवले आहे, आणि त्याला ना बाबासाहेब कळतात ना वस्ती.

म्हणून एक ठोस प्रस्ताव मांडतो. पुढच्या जयंतीच्या आठवड्यात एका शहरातल्या पाच वस्त्यांनी एकत्र यावे. पाच मंच, एकच छापील वेळापत्रक. प्रत्येक गटाला अर्धा तास. संध्याकाळी ७ ते ८ ही सगळ्यात गर्दीची वेळ राखीव, ज्यांना आजवर कुणी बोलावलेले नाही अशा गटांसाठी. निम्मे गट मुलींचे किंवा मुलींनी चालवलेले. नामवंत गायक आले तर स्वागत, पण त्यांनी दुपारी ४ ला गावे आणि मानधन सगळ्यांना सारखे घ्यावे. रात्री १० ची ध्वनिमर्यादा पाळायची, म्हणजे पोलिसांना मांडव बंद करायला निमित्त मिळणार नाही. प्रत्येक गाण्याचे रेकॉर्डिंग करायचे आणि त्यावर कवी, चाल लावणारा, ढोलकीवाला, हलगीवाला अशी सगळ्यांची नावे टाकायची. गाण्याचा हक्क कुणाचा, हे आधी कागदावर लिहायचे. भजन मंडळ, कव्वाली, शाहिरी, रॅप, काहीही चालेल. विदर्भातली मुले वऱ्हाडीत रॅप करत आहेत, त्यांनाही बोलवा. एका वस्तीतल्या माणसाने दुसऱ्या वस्तीत चालत जाऊन नवे गाणे ऐकावे, इतकेच साधायचे आहे.

काही ज्येष्ठ म्हणतील, “गाण्याबजावण्यात पैसा घालवण्यापेक्षा अभ्यासिका काढा.” अभ्यासिका काढायलाच हवी, आणि डीजेच्या भिंतीचे पैसे वाचले तर अभ्यासिका आणि मंच दोन्ही होतील. पाच वस्त्यांच्या डीजेचा हिशेब एका कागदावर मांडा आणि समितीच्या पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचून दाखवा. आकडे तुमच्या वहीत आहेतच.

आपल्या मंचावरची संध्याकाळची वेळ कुणाला द्यायची, हे ठरवायला कुठल्याही सभेची परवानगी लागत नाही. ती वेळ आपल्याच हातात आहे. बैठका जानेवारीतच बोलवा. मार्चमध्ये डीजेची सुपारी देऊन झालेली असते आणि मग कुणी ऐकत नाही.

जय भीम!