मूळपेशींचा दाता आणि जातीची भिंत

खोपोलीच्या एका कारखान्यात कंत्राटी काम करणारा एक बाप मागे कागदपत्रांची पिशवी घेऊन आमच्याकडे आला. मुलाला रक्ताचा कर्करोग. बोन मॅरो बदलावा लागेल असे डॉक्टरांनी सांगितलेले. बहिणीची तपासणी झाली, पण जुळले नाही. त्याने एवढेच विचारले, "जयभीम साहेब, सख्ख्या बहिणीचे जुळत नाही, मग कोणाचे जुळणार?" आमच्याकडे कायद्याची उत्तरे होती, या प्रश्नाचे नव्हते. ते शोधताना जे हाती लागले ते समाजापुढे ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

या उपचारात रुग्णाची रोगट मज्जा तीव्र औषधांनी नष्ट करतात आणि दात्याच्या मूळपेशी शिरेतून देतात. त्यांतून नवे रक्त आणि नवी प्रतिकारशक्ती तयार होते. धोकाही येथेच आहे. ही पाहुणी प्रतिकारशक्ती रुग्णाच्या शरीरालाच परके समजून त्वचा, आतडी आणि यकृत यांवर हल्ला चढवते. तो हल्ला किती तीव्र होईल हे बऱ्याच अंशी जनुकांवर ठरते. सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुके म्हणजे शरीराचे ओळखपत्र. त्याचा अर्धा भाग आईकडून येतो, अर्धा बापाकडून. म्हणूनच सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक एवढीच असते. जितके बेमेल जास्त, तितका धोका जास्त. एचएलए पूर्ण जुळले तरी धोका शून्य होत नाही. दाता स्त्री आणि रुग्ण पुरुष असेल तर वाय गुणसूत्रामुळे तयार होणारी प्रथिने दात्याच्या पेशींना परकी वाटतात.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आमच्याच जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. २० मार्च १९८३ रोजी मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी, दाता तिचा भाऊ. २००७ मध्ये टाटाचा हा विभाग खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रात आला. म्हणजे खालापूरच्या माणसाने पनवेल ओलांडले की उपचार दाराशी. मग अडले कुठे?

अडले दात्यापाशी. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मर्म दाखवून दिले होते : जातीअंतर्गत विवाह. शंभर वर्षांनी जनुकशास्त्र त्याच ठिकाणी येऊन पोहोचले. भारतीयांच्या जनुकांवरील २०१३ आणि २०१६ मधील अभ्यासांनी सांगितले की, या देशातले लोक एके काळी सर्रास एकमेकांत मिसळत होते. ते मिसळणे सुमारे दीड-दोन हजार वर्षांपूर्वी थांबले. परिणामी एचएलएचे संच समूहासमूहांत वेगळे राहिले आणि अनोळखी दाता मिळायचाच तर तो समान पूर्वजांच्या लोकांत मिळण्याची शक्यता अधिक. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात युरोपीय वंशाच्या गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता ७५ टक्के, तर आफ्रिकन अमेरिकन रुग्णाला २० टक्क्यांच्याही आत आढळली. नोंदवहीत ज्यांची माणसे कमी, त्यांच्या वाट्याला दाता कमी. आमचा सवाल असा की, कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांत, ठाकूरवाड्यांत, बौद्धवाड्यांत गालाचा नमुना घ्यायला आजवर कोण आले?

यावरून कोणी "पाहा, जात रक्तातच असते" असा डांगोरा पिटेल, त्याला वेळीच रोखले पाहिजे. एका घरात वाढलेली भावंडे जुळत नाहीत आणि सातासमुद्रापलीकडचा परका माणूस जुळू शकतो, तेथे कसली उच्चनीचता? भिंत माणसाने बांधली, जनुकांत तिच्या फक्त खुणा उमटल्या. आंतरजातीय विवाहातून झालेल्या मुलाला अनोळखी दाता मिळणे अधिक कठीण जाऊ शकते, हे सत्यही आम्ही लपवणार नाही. परंतु त्यावरचा उपाय जात राखणे हा नाही. दात्यांची नोंद वाढवणे हा आहे. शिवाय प्रत्यारोपणानंतर सायक्लोफॉस्फमाइड हे औषध देऊन आता आई, बाप किंवा अपत्य यांच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशीही वापरता येतात.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समिती प्रकरणात वेळेवर उपचार न मिळणे हा कलम २१ चा भंग ठरवला. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. हे हक्क मागून घ्यावेच लागतील. शासनाने एचएलए तपासणीचा आणि दाता नोंदणीचा खर्च उचलून तालुक्याच्या रुग्णालयांत शिबिरे घ्यावीत, ही आमची मागणी आहे.

पण सगळे शासनावर सोडून चालणार नाही. १४ एप्रिलला आपण रक्तदान करतो. त्याच मंडपात गालाच्या आतल्या नमुन्याचे टेबल लागू द्या. पुढे बोलावणे आलेच तर बहुतेकदा हाताच्या शिरेतून यंत्राद्वारे काही तासांत पेशी घेतात. शरीर त्या पुन्हा भरून काढते. मात्र नाव दिले की माघार घेऊ नका. रुग्णाची मज्जा नष्ट केल्यावर दाता फिरला तर तो रुग्णाचा जीव घेणे ठरते.

कोणाचे जुळणार, असे त्या बापाने विचारले होते. कदाचित तुमचेच जुळेल. पण तुमची नोंद असेल तरच ते कळेल.