बांधावरून : थंड समुद्रावरची पुळण



गेल्या वर्षी मे महिन्यात रजा काढून आम्ही उभयता लेकीकडे गेलो होतो. ती नोकरीनिमित्त स्कॉटलंडात ग्लासगो शहरी असते. किल्ले दाखवते, राजवाडे दाखवते म्हणाली. मी म्हटले, बाई गं, जन्म शेताच्या बांधावर गेला, मला इथली शेती दाखव. तर तिने आम्हांला नेले समुद्रकिनाऱ्यावर! पण नेले ते योग्य जागी नेले, हे तिथे पोहोचल्यावर कळले.

दिवसभर मोटार, मग स्काय बेटावरच्या उईग बंदरातून पावणेदोन तासांची बोट, मग नॉर्थ यूइस्ट नावाचे बेट, आणि त्याच्या उत्तर टोकाला समुद्रात दगडी भराव घालून केलेल्या रस्त्याने बर्नरे हे आणखी एक लहान बेट. हा भराव १९९९ साली झाला. त्याआधी होडीवाचून गत्यंतर नव्हते. बेटावर दीडशेच्या आत माणसे. आजचे राजे चार्ल्स युवराज होते तेव्हा, १९८७ मध्ये, इथल्या एका शेतकऱ्याच्या घरी काही दिवस राहून शेतीची कामे करून गेले होते.

बेटाच्या पश्चिम अंगाला पुळण आहे, साडेचार-पाच किलोमीटर लांब. मऊ पांढरी वाळू आणि मोरपिसासारखे निळे-हिरवे पाणी. २००९ मध्ये थायलंडातल्या एका किनाऱ्याच्या जाहिरातीत चुकून या पुळणीचे छायाचित्र छापले गेले होते. छायाचित्रात थंडी दिसत नाही ना! आम्ही गेलो तेव्हा ऐन मे महिन्यात भर दुपारी दहा-अकरा अंश तापमान. कानाला मफलर, अंगात दोन स्वेटर, आणि वारा असा की बोललेले शब्द शेजारच्या माणसाला ऐकू यायच्या आत उडून जावेत. झाड औषधालाही नाही. एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर आम्ही तिघे, दूरवर कुत्रे घेऊन चाललेला एक गृहस्थ आणि असंख्य पाखरे. हॉटेल नाही, दुकान नाही, बाकडेसुद्धा नाही. सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढी जागा आणि एक भेळवाला नाही! आपल्याकडे असती तर आतापर्यंत प्लॉट पडले असते."

मी वाळू चिमटीत घेऊन पाहिली. आपल्या नदीची वाळू दगडाची असते. ही बरीचशी शिंपल्यांची, म्हणजे चुन्याची. बोटीवर तळलेल्या बटाट्याबरोबर व्हिनेगरची पुडी मिळाली होती, ती खिशातच होती. वाळूवर पिळली आणि वाळू फसफसू लागली. लेक हसायला लागली, "बाबा, सुट्टीवर आलात तरी माती परीक्षण सुटत नाही." खरेच आहे, सुटत नाही.

आता शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट. या बेटांचा आतला भाग म्हणजे काळी, ओलगच्च, कुजलेल्या शेवाळ-गवताची आंबट जमीन. तिच्यात पीक फार कष्टाने येते. पश्चिमेचा वारा हजारो वर्षे ही शिंपल्यांची वाळू उचलून आत टाकत आला. जिथे वाळूचा थर पडला तिथला आंबटपणा मेला आणि सपाट, निचऱ्याची, गवताळ जमीन तयार झाली. आपण जांभ्याच्या आम्ल जमिनीला चुना घालतो तेच, फक्त इथे गाडीभाडे वाऱ्याने भरले! या जमिनीला त्यांच्या गेलिक भाषेत 'माखर' म्हणतात. उच्चार आपल्या गणपतीच्या मखराच्या जवळचा, आणि जून-जुलैत फुले फुलली म्हणजे शोभाही तशीच असते म्हणतात. स्कॉटलंडचा वायव्य भाग आणि आयर्लंडचा पश्चिम किनारा सोडला तर जगात अशी जमीन नाही.

पण नुसत्या चुनखड वाळूत काय पिकणार? सेंद्रिय अंश नाही, पाणी धरत नाही, शिवाय मँगेनीजची कमतरता. त्यावर या लोकांचा उपाय समुद्रातच आहे. हिवाळ्यातल्या वादळांनी समुद्र शेवाळाच्या जाड, चामड्यासारख्या पट्ट्यांचे ढीगच्या ढीग पुळणीवर आणून टाकतो. ते ओढून आणायचे, रचून कुजू द्यायचे आणि वसंत ऋतूत शेतात पसरायचे. पुळणीच्या मागे एक वयस्क शेतकरी ट्रॅक्टरला जोडलेल्या यंत्राने तेच पसरत होता. वास येत होता, पण शेणखताच्या ढिगाजवळ वाढलेल्या माणसाला त्याचे काय! लेकीला दुभाषी करून मी त्याच्याशी तासभर बोललो. त्याची बोलीही वेगळी, तिलाही निम्मे दोनदा विचारावे लागे.

शेवाळाने वाळूला चिकटपणा येतो, ती उडत नाही, हे त्याने आधी सांगितले. खतपाणी मागाहून. पेरतात काय, तर लहान दाण्याचा जुना ओट, राय आणि जुन्या वाणाचे सातू. उत्पन्न थोडे, पण मँगेनीज कमी असलेल्या जमिनीत हे वाण तग धरतात, जिथे सुधारित वाण करपतात. (मी आयुष्यभर सुधारित वाणांच्या पिशव्या वाटल्या. तरी त्याचे म्हणणे मान्य करावे लागले.) नांगरट उथळ. दोन वर्षे पीक, मग दोन-तीन वर्षे पड. पड जमिनीत आपोआप फुलांचे गवत येते. धान्य मुख्यतः जनावरांच्या हिवाळी वैरणीसाठी. बटाटा मात्र घरच्यासाठी, शेवाळावर लावलेला. त्याचे कौतुक सांगताना म्हातारबुवांचा चेहरा खुलला होता.

जनावरांचेही गणित आहे. कायम चुनखड वाळूवर चरणारी गुरे कोबाल्ट कमी पडून खंगतात. म्हणून पूर्वापार गुरे उन्हाळ्यात डोंगराकडे आणि हिवाळ्यात माखरावर. त्यामुळे पिकाच्या दिवसांत शेते मोकळी राहतात आणि हिवाळ्यात शेण जागच्या जागी पडते. चराई सामाईक असते. एका हिश्शामागे किती गाई, किती मेंढ्या हे ठरलेले, त्याला 'सूमिंग' म्हणतात, आणि त्यावर गावाने निवडलेली चराई समिती. आपल्या गायरानावर असा हिशेब राहिला असता तर, असा विचार मनात आला, पण तो विषय पुन्हा केव्हातरी.

ही शेते या लोकांना सुखासुखी मिळालेली नाहीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस जमीनदारांना शेवाळ जाळून त्याची राख विकण्यात पैसा दिसला, आणि कुळांचे हात त्याच कामाला जुंपले गेले. शेतात जायचे शेवाळ भट्टीत गेले. १८१५ नंतर भाव कोसळले, पुढे १८४६ च्या सुमारास बटाट्यावर करपा आला, आणि जमीनदारांनी मेंढ्यांसाठी गावेच्या गावे उठवली. नॉर्थ यूइस्टवरच्या सॉलस गावाची माणसे १८४९ मध्ये पोलीस आणून घराबाहेर काढली. १८८६ च्या कायद्याने उरलेल्या कुळांना हक्क, वाजवी खंड आणि वारसा मिळाला. आपल्या कुळकायद्याच्या बासष्ट वर्षे आधी.

मी विचारले, "एवढा सुंदर किनारा, इथे काही बांधत कसे नाहीत?" म्हाताऱ्याने उत्तर दिले नाही. हातातला दांडा वाळूच्या टेकाडाकडे केला. पुळण आणि शेत यांच्यामध्ये दोन-तीन पुरुष उंचीची वाळूची टेकाडे होती, आणि त्यांवर मॅरम नावाचे उंच, टोकदार गवत. हे गवत विलक्षण. वाळूने पुरले की मरायचे सोडून आणखी जोमाने वर येते, वर्षाला हातभर-दोन हात वाळू पडली तरी. मुळांचे जाळे टेकाडाला शिवून ठेवते. म्हाताऱ्याने एका जागी नेऊन दाखवले. गवत तुटून टेकाडाला घरभर रुंद भगदाड पडले होते. आधी सशांनी बिळे केली, मग कोणाच्या तरी मोटारीचे चाक गेले, पुढचे काम वाऱ्याने केले. भगदाडामागची हिरवळ अर्धी वाळूखाली होती.

अशा भगदाडांचे पुढे काय होते, याचे उदाहरण स्कॉटलंडातच आहे. ईशान्येच्या मोरे किनाऱ्यावर कल्बिन नावाची सुपीक जहागीर होती. वाळू बरीच वर्षे चढत होती, आणि १६९४ च्या वादळात शेते, घरे गाडली गेली. लोक छपरासाठी टेकाडांवरचे गवत उपटत, हे एक कारण धरले गेले. १६९५ मध्ये तिथल्या पार्लमेंटने ते गवत उपटायला बंदी करणारा कायदाच केला. शेते काही परत आली नाहीत. विसाव्या शतकात तिथे पाईनचे जंगल लावून वाळू थोपवली. आणि ११ जानेवारी २००५ च्या रात्री याच यूइस्ट बेटांवर असे वादळ आले की पुरापासून पळू पाहणाऱ्या एकाच घरातल्या पाच जणांना समुद्राने नेले. म्हातारा त्याबद्दल एवढेच बोलला की टेकाडे शाबूत होती तिथे समुद्र कमी आत आला.

तिथे उभा असताना मला तात्या आठवले.

पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी मी कोकणात किनाऱ्यालगतच्या एका तालुक्यात होतो. तरुण होतो, पदवीचा तोरा होता. तात्यांची नारळ-सुपारीची वाडी आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूचे एक टेकाड होते, त्यावर केवडा आणि मर्यादवेल माजलेली. तात्यांनी विचारले, "साहेब, हे झाडोरे काढून सपाट केले तर चालेल?" मी म्हणालो, "खुशाल करा, पंधरा माड बसतील." तात्यांचे वडील ओटीवर बसले होते. ते म्हणाले, "वेलीचं नाव मर्यादवेल आहे, साहेब." मी हसलो. माड बसले. तिसऱ्या पावसाळ्यात उधाणाचे पाणी वाडीत शिरले, चौथ्या वर्षी वाळू सुपारीच्या बुंध्यांना लागली आणि घरामागची विहीर मचूळ झाली. तात्यांनी मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

बर्नरेच्या त्या टेकाडाखाली रात्री साडेनऊलाही उजेड होता. शेतात कुठेतरी पाखरू फणीवर नख ओढल्यासारखे ओरडत होते. त्याला तिथे कॉर्नक्रेक म्हणतात, दुर्मिळ झाले आहे, आणि त्याच्या पिलांना पळायला वाट मिळावी म्हणून कापणी उशिरा आणि शेताच्या मधून बाहेरच्या बाजूला करतात. सौभाग्यवतींनी हे नीट लक्षात ठेवले. आमच्या गवताच्या कापणीला त्या आता लाव्ह्यांसाठी तसेच करायला लावतात.

परत आल्यावर श्रावणात मी कोकणात गेलो. तात्या नाहीत. मुलगा वाडी पाहतो, जेवढी उरली आहे तेवढी. मी शेजारच्या गावातून मर्यादवेलीची छाटे गोणपाटात ओली करून नेली होती, हातभर लांब, चार-पाच डोळ्यांची. भरतीच्या रेषेच्या वर, दोन-तीन डोळे वाळूत पुरून, पाऊस असतानाच लावायची. मुलगा म्हणाला, "साहेब, ही काढायला तुम्हीच सांगितली होती ना?"

"होय," मी म्हणालो.

त्याने कुदळ आणली. चाळीस छाटे लावली. दिवाळीला त्याचा फोन आला, बावीस जगली आहेत.