औषधांच्या किमतीचा कायदा मुंबईतही होऊ शकतो

"औषधांच्या किमती हा केंद्राचा विषय आहे, राज्याच्या हातात काही नाही." निवेदन घेऊन गेलेल्या कार्यकर्त्याला मिळणारे हे ठरलेले उत्तर आहे. ते ऐकून गप्प बसण्याआधी राज्यघटनेची सातवी अनुसूची उघडा. समवर्ती सूचीतील 19व्या नोंदीत औषधे आहेत आणि 34व्या नोंदीत किंमत नियंत्रण. या दोन्ही विषयांवर राज्यालाही कायदा करता येतो. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने तर थेट राज्य सूचीत आहेत. केंद्राच्या कायद्याशी विसंगती आली, तर कलम 254(2) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. अडचण आहे, पण "हातात काही नाही" हे खोटे आहे.

शिरूर तालुक्यातले इनामगाव घ्या. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात इथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली. प्रमुखाचे पाच खोल्यांचे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार. पिकवणारे गाव, कोठार प्रमुखाच्या दारात! आज या गावाहून भीमा ओलांडून दौंड तालुक्यात गेले की कुरकुंभची एमआयडीसी लागते. तिथे सिप्लासारख्या कंपन्यांचे कारखाने आहेत. औषध आपल्याच जिल्ह्यात बनते. पण रोजगार हमीवर 312 रुपये रोजाने (2025-26 चा दर) काम करणाऱ्या बाईला साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी छापील किमतीलाच घ्यावी लागते. हे आजार महिनाभराचे नाहीत, जन्मभराचे आहेत. मधुमेहाने बाबासाहेबांना किती छळले, हे आपल्याला सांगायला नको.

ही छापील किंमत ठरते कशी, हे कार्यकर्त्याला पाठ हवे. 1995 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात उत्पादन खर्च हा आधार होता. 2013 च्या आदेशाने तो काढून टाकला. आता एक टक्का किंवा त्याहून अधिक बाजारहिस्सा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढतात आणि त्यावर दुकानदाराचे 16 टक्के चढवतात. समजा एकच गोळी तीन कंपन्या दुकानदाराला 10, 4 आणि 1 रुपयाला देतात. सरासरी 5 रुपये, कमाल किंमत 5 रुपये 80 पैसे. एक रुपयात विकूनही कोणाला तरी परवडतेच ना? पण हिशेबात सर्वात महाग ब्रँडही मोजला जातो, म्हणजे लुटणाऱ्याचा भावही सरासरीत धरला जातो. वर घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे दरवर्षी वाढ. 1 एप्रिल 2023 पासून ती 12 टक्क्यांहून जास्त होती. हे झाले अत्यावश्यक यादीतल्या औषधांचे. यादीबाहेरच्या औषधाची पहिली किंमत कंपनी मनाने ठरवते, पुढे वर्षाला 10 टक्के वाढवायची मुभा.

नियंत्रण केले तर कंपन्या बुडतात, हा ओरडा जुना आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये कर्करोगाच्या 42 औषधांवरचा व्यापारी नफा 30 टक्क्यांवर बांधला, तेव्हा काही ब्रँडच्या छापील किमती 90 टक्क्यांपर्यंत उतरल्या. औषध महाग नव्हते, मधले हात महाग होते.

खासगी रुग्णालये आपल्याच आवारातल्या दुकानातून औषध घ्यायला लावतात, त्यावरची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. मार्च 2025 मध्ये न्यायालयाने हा प्रश्न राज्य सरकारांच्या धोरणावर सोपवला. आता तरी मुंबईने दिल्लीकडे बोट दाखवू नये.

दिल्लीची वाट न पाहता कायदे करणे महाराष्ट्राला नवीन नाही. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला आणि 1929 मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. सबंध देशाचा कायदा आला 1961 मध्ये. खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी 1937 मध्ये याच प्रांताच्या विधानसभेत मांडले. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने 1977 मध्ये केला, दिल्लीला त्यासाठी 2005 उजाडावे लागले.

मग औषधांसाठी का नाही? यादीबाहेरच्या औषधांवर व्यापारी नफ्याची मर्यादा, रुग्णालयातल्या दुकानाची सक्ती हा गुन्हा, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरलेली औषधे मोफत मिळण्याचा हक्क, एवढे तरी त्या कायद्यात हवे. यातला तिसरा मुद्दा मला सर्वात मोठा वाटतो. 15 ऑगस्ट 2023 पासून सरकारी आरोग्य संस्थांत उपचार मोफत आहेत, पण तो शासन निर्णय आहे. निर्णय सरकार बदलले की बदलतो, आणि गोळ्या संपल्या तर "बाहेरून आणा" ही चिठ्ठी हातात येते. हक्क असेल तर त्या चिठ्ठीचा खर्च सरकारला भरावा लागेल. साठा राखणे अशक्य नाही. तामिळनाडूने 1994 मध्ये औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले आणि केंद्रीय खरेदीतून आपले दवाखाने भरले. महाराष्ट्राने खरेदी प्राधिकरणाचा कायदा 2023 मध्ये केला, जवळपास तीस वर्षांनी. जन औषधी दुकानांचे कौतुक जरूर करा, पण डॉक्टर ब्रँडच लिहीत असेल आणि दुकान तालुक्याला असेल, तर इनामगावच्या बाईला त्याचा काय उपयोग?

येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. ठरावाला आरोग्य केंद्राने दिलेल्या "बाहेरून आणा" चिठ्ठ्यांच्या आणि औषध दुकानाच्या बिलांच्या प्रती जोडा, रुग्णाचे नाव झाकून. एक प्रत तहसीलदाराला, एक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला आणि एक आपल्या आमदाराला, पोच घेऊन.