घरचा संगणक : ब्राउझर कोणता ठेवावा?

नार्व्याच्या धक्क्यावर उभे राहिले असता दिवाडीची फेरीबोट पलीकडून सुटून येईपर्यंत जो वेळ मिळतो, त्या वेळात माणसे धर्मगुरूस पुष्कळ गोष्टी विचारून घेतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका सज्जन वाचकांनी तेथेच आम्हांस विचारले, "फादर, घरच्या संगणकावर ब्राउझर कोणता ठेवावा?" बोट धक्क्यास लागत होती आणि आम्हांस जुन्या गोव्यास वेळेवर पोहोचावयाचे होते. आम्ही चटकन सांगून टाकले, "कोणताही ठेवा, सगळे सारखेच!" त्या उत्तराची आज आम्हांस लाज वाटते.

ब्राउझर म्हणजे काय हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांनी पुढील चार ओळी सोडून द्याव्यात. इंटरनेटवरील पान उघडून आपल्यासमोर ठेवणारा जो प्रोग्राम, तो ब्राउझर. मराठीत त्यास 'न्याहाळक' असा शब्द विद्वानांनी काढला आहे. शब्द गोड आहे, पण दुकानात तो उच्चारल्यास कोणी ओळखणार नाही. विजेचे बिल, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, मुलांचे निकाल, हे सर्व याच दाराने घरात येते. आणि घरातील पैसाही याच दाराने बाहेर जातो.

त्या गृहस्थांचा संगणक जुना, विंडोज ७ चा होता. त्यावर क्रोम होता. क्रोमने २०२३ च्या आरंभी विंडोज ७ ला निरोप दिला. १०९ ही त्या यंत्रावरील त्याची अखेरची आवृत्ती ठरली. ब्राउझरमध्ये रोज नवी भोके सापडतात. ती बुजविण्यासाठी त्याचे कर्ते दर काही आठवड्यांनी नवी आवृत्ती पाठवितात आणि ती आपोआप बसते. या घरी ती येणेच बंद झाले होते, आणि ब्राउझर स्वतः वरच्या बाजूस तसे सांगतही होता. पण रोज दिसणारी पाटी कोण वाचतो?

गेल्या आगमनकाळात एका रात्री कुठल्याशा पानावर जाहिरातीच्या जागी मोठी पाटी झळकली : तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, येथे दाबा. घरातील चौदा वर्षांच्या मुलाने ती खरी मानली. का मानू नये? तेच तर त्यास महिनोन्‌महिने खरोखरीच सांगितले जात होते! त्याने दाबले, आणि आत जे शिरले त्याने ब्राउझरमध्ये सोयीसाठी साठवून ठेवलेले सर्व पासवर्ड उचलून नेले. दुसऱ्या दिवशी बँकेच्या नावाने फोन आला. बोलणाऱ्यास खात्याची खडान्‌खडा माहिती होती. त्यामुळे मुलाच्या आईने विश्वासाने मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला. थोरल्या मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी बाजूस ठेवलेली रक्कम गेली. त्याच संध्याकाळी १९३० या क्रमांकावर तक्रार केल्यामुळे तिचा काही भाग अडविता आला. उरलेला अद्याप मिळालेला नाही. मुलास घरात कोणी शब्दाने दुखविले नाही, आणि तेच त्यास अधिक जड गेले असावे. तीन रविवार तो वेदीसेवेस आला नाही.

दोष त्या मुलाचा आहे असे आम्हांस वाटत नाही. 'सगळे सारखेच' म्हणणाऱ्याचा वाटा त्यात अधिक आहे. म्हणून तोच प्रश्न आज आम्ही नीट घेत आहो.

सारखेपणा आहे तो कोठे? क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा यांची वरची रंगरंगोटी निराळी. पण आतील यंत्र एकच, क्रोमियम नावाचे, व त्याचा मोठा भार गूगल वाहते. भारत सरकारने स्वदेशी ब्राउझरसाठी स्पर्धा लावली होती; तिचा निकाल मार्च २०२५ मध्ये लागून झोहो कंपनीचा 'उला' पहिला आला. त्याचे आम्ही कौतुक करतो, परंतु त्याच्या आतही क्रोमियमच आहे. निराळ्या यंत्रावर चालणारे, सर्वांच्या ओळखीचे दोनच : ॲपलचा सफारी, जो विंडोजवर आज मिळत नाही, आणि मोझिलाचा फायरफॉक्स.

आता पैशाची गोष्ट. फेरीबोटीवर पायी जाणाऱ्याकडून काही घेत नाहीत, कारण तो खर्च सरकारी तिजोरीतून होतो. ब्राउझरही फुकटच मिळतो. मग त्याचा खर्च कोण करतो? गूगलचा व्यवसाय जाहिरातींचा आहे. आपण काय शोधतो, काय पाहतो, हे कळण्यात त्याचा लाभ आहे. इतर कंपन्यांच्या ब्राउझरांत व फोनांत आपलेच शोधयंत्र आधीपासून बसलेले असावे, एवढ्यासाठी गूगलने २०२१ या एकाच वर्षी २६०० कोटी डॉलरांहून अधिक मोजले, हे अमेरिकेच्या न्यायालयात उघड झाले. आपल्या देशातही स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड फोनांच्या बाबतीत गूगलला १३३७ कोटी रुपयांचा दंड केला. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की मोझिलाचे उत्पन्न बहुतांशी याच गूगलकडून, शोधयंत्राच्या कराराने येते. तरीही मोझिलाची मालकी एका ना-नफा संस्थेकडे आहे. हा फरक आम्ही लहान मानीत नाही.

मराठी वाचकास तर या निवडीचा जुना अनुभव आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी आपल्या भाषांतील कित्येक वृत्तपत्रे इंटरनेटवर स्वतःचा वेगळा फाँट वापरीत. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ती पाने नीट उमटत; फायरफॉक्समध्ये तीच बातमी रोमन चिन्हांचा नुसता कचरा दिसे. तो वाचनीय करण्यासाठी 'पद्म' नावाचे जोडसाधन फायरफॉक्सला लावावे लागे. सरकारी संकेतस्थळेही अमुकच ब्राउझर वापरा असे बजावीत. पुढे युनिकोड सर्वत्र आले आणि ती अडचण सरली. एक्सप्लोररचा आधारही १५ जून २०२२ रोजी संपला. आज फायरफॉक्स, क्रोम, एज, तिघांचेही पडदे मराठीत करून घेता येतात, आणि ज्या घरी वडीलधाऱ्यांस इंग्रजी येत नाही तेथे हे आवर्जून करावे. धोक्याची सूचना परक्या भाषेत असली म्हणजे माणूस ती न वाचताच 'होय' दाबतो.

पत्त्याच्या पट्टीतील कुलपाविषयी मोठा गैरसमज आहे. कुलूप दिसले म्हणजे मार्ग बंदिस्त आहे, एवढेच कळते. पलीकडचा मनुष्य सज्जन आहे असे नव्हे. आणि कुलपाची साक्षही कधी चुकते. जुलै २०१४ मध्ये आपल्याच राष्ट्रीय सूचना केंद्राच्या प्रमाणपत्र विभागातून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले. विंडोजच्या विश्वासयादीवर विसंबणारे ब्राउझर त्यांस फसू शकत होते. फायरफॉक्स स्वतःची यादी ठेवीत असल्यामुळे बचावला. आज क्रोमही स्वतःची यादी ठेवतो.

'गुप्त' खिडकीविषयी आईबापांनी एवढेच ध्यानात ठेवावे की ती फक्त घरच्या संगणकावर खूण ठेवीत नाही. पलीकडच्या संकेतस्थळापासून काही लपत नाही. मुलांस हे रागावून नव्हे, समजावून सांगावे. व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या आदेशपत्रात वाचक-प्रेक्षकांच्या निवडीच्या कर्तव्याविषयी लिहिले, तेव्हा डोळ्यांपुढे चित्रपट व रेडिओ होते. कर्तव्य मात्र तेच आहे.

आमचे मत विचाराल तर रोजच्या वापरास फायरफॉक्स ठेवावा. एखादे संकेतस्थळ त्यात अडले तर विंडोजबरोबर येणारा एज आहेच. फायरफॉक्सला 'युब्लॉक ओरिजिन' हे जाहिराती रोखणारे मोफत जोडसाधन लावावे. क्रोमने ते आता बंद पाडले आहे, आणि खोट्या पाट्या बहुधा जाहिरातींच्याच वाटेने येतात. जाहिराती रोखण्याचा सल्ला अमेरिकेच्या एफबीआयनेही डिसेंबर २०२२ मध्ये दिला होता. बँकेचा पासवर्ड सामाईक संगणकावरील ब्राउझरास सांभाळावयास देऊ नये. नवी आवृत्ती ब्राउझरच्या स्वतःच्या यादीतून घ्यावी, कोणत्याही पानावरील पाटीवरून कधीही नव्हे.

त्या घरचा संगणक आमच्या युवक मंडळाच्या मुलांनी पुसून त्यावर उबुंटू ही मोफत प्रणाली घातली. फायरफॉक्स तीबरोबरच येतो. आजीस आता 'मागे जा' वाचता येते. मुलगा वेदीसेवेस पुन्हा येऊ लागला आहे. गेल्या महिन्यात मिस्सानंतर तो आमच्या कार्यालयात डोकावला, संगणकाशी दोन मिनिटे बसला आणि म्हणाला, "फादर, तुमचाच जुना आहे."